काजळाची डबी उंबऱ्याबाहेर

वडनेरच्या आमच्या आळीत मागच्या पंधरवड्यात एका सुनेला दिवस भरायच्या आधीच बाळ झालं. कळलं तशी मी हातातलं काम टाकून गेले. खोलीत शिरल्यावर आधी बाळाचे डोळे पाहिले आणि मग मुलगा का मुलगी ते विचारलं. बायका हसल्या. एक म्हणाली, "शांताबाईले डोळ्यायचं वेड हाये." आहे खरं. ते कसं लागलं तेच लिहायला बसले आहे.

मी डॉक्टर नाही. मराठी सातवी पास, वांगी-मिरच्या पिकवणाऱ्या घरातली सून. कुठलं औषध किती घालायचं ते मला विचारू नका, मी सांगणार नाही. पण लेकराचे डोळे जातात की राहतात अशी वेळ आली की घरात काय काय होतं, माणूस कुठं चुकतो आणि कुणावर चिडतो, हे मी सांगू शकते. ते सांगायची मला लाज वाटत नाही. थोडी वाटते, पण ते पुढं येईलच.

लवकर आली

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. आमचे सासरे मात्र पत्ता सांगताना अजून मध्य प्रदेशच म्हणत. मला सातवा महिना सरत आला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून देऊळघाटहून भाऊ न्यायला येणार होता. माझी पेटीसुद्धा भरून ठेवलेली. कापूस वेचणीचे दिवस होते. मळ्यात मिरच्या तोडता तोडता कंबर धरली, कशीबशी घरी आले आणि दिवस मावळायच्या आत मुलगी झाली. भाऊ तिसऱ्या दिवशी येणार होता, पण हिला कुठला धीर!

तिला उचलून दाईच गप्प झाली. माझी सासू माझ्या लग्नाआधीच वारलेली. त्यामुळे घरातली मोठी बाई म्हणजे माझी नणंद कौसाबाई. तिला गावातच दिलेली होती, दोन आळ्या सोडून. दाईचा चेहरा पाहून ती कडाडली, "काऊन व, मुकी झाली का? कापूस आन!"

कापसाला काय तोटा. सरकी काढलेला कापूस पिंजून तिनं टोपल्यात गादी केली आणि बाळाला त्यात असं बसवलं की नाक-तोंड तेवढं दिसत होतं. आमचे हे दारातून वाकून पाहत म्हणाले, "बोंडातून कापूस निघतो, आपली पोरगी उलटी बोंडात गेली." मला त्या वेदनेतही हसू आलं. आमच्या यांचं असंच असतं, घाबरले की विनोद करतात.

ओढून प्यायची ताकद तिच्यात नव्हती. कौसाबाई माझं दूध वाटीत काढून घ्यायची आणि कापसाच्या बोळ्यानं थेंब थेंब तिच्या ओठात सोडायची. स्वतःची तीन लेकरं नवऱ्याच्या गळ्यात टाकून ती तीन दिवस त्या टोपल्यापाशी बसून होती. माझी मुलगी जगली ती कौसाबाईमुळं. हे मी इथंच सांगून ठेवते, कारण पुढं मी तिच्याशी जशी वागले ते वाचताना हे तुमच्या ध्यानात असायला हवं.

तीन दिवस

तिसऱ्या दिवशी सकाळी बाळाच्या पापण्या सुजल्या. चिकटल्या होत्या, कडांना पिवळा पू होता. दाई म्हणाली, डोळे आलेत, गावात सगळ्यांचेच आलेत, डोळ्यांत अंगावरचं दूध पिळ. मी पिळलं. संध्याकाळपर्यंत सूज दुप्पट झाली.

मला तेव्हाच खटकलं होतं. मी यांना म्हटलं, "अहो, नांदुऱ्याला नेऊ या. तिथं बाईडॉक्टर आहे म्हणतात." हे तयार झाले, गाडीला बैल जुंपायलाही उठले. पण कौसाबाई आडवी आली. "पाचवी झाल्याबिगर बाळंतीन उंबरा वलांडते का? सटवाई येईन अन् लेकरूच घरात नाही! तिच्या कपाळी काय लिहीन मंग ते?"

पाचव्या दिवशी सटवाई येते आणि बाळाचं नशीब लिहून जाते, त्याआधी बाळ-बाळंतीण घराबाहेर पडत नाहीत, ही आमच्याकडची रीत. कौसाबाई वाईट बुद्धीनं बोलत नव्हती. तिला खरंच वाटत होतं की नशीब कोरं राहील. आणि मी काय केलं? मी "बरं" म्हटलं. मला कुणी दावणीला बांधलं नव्हतं. मीसुद्धा मनातून त्या कोऱ्या कपाळाला भ्याले होते.

पाचवी झाली. पाट्यावर सटवाई मांडली, कोरा कागद आणि बोरू ठेवला. मग काजळ. एरंडेलाच्या दिव्यावर पळी धरून पाडलेली काजळी, तुपात खललेली, पितळेच्या डबीत. बाळाला पहिलं काजळ घालायचा मान आत्याचा. कौसाबाईनं त्या सुजलेल्या पापण्या दोन बोटांनी उघडल्या आणि आत काजळाची रेघ ओढली. "काजय थंड असते, सूज उतरीन," म्हणाली. बाळाचं तोंड वर धरलं होतं मी. तिच्या लेकरांचेही डोळे आले होते आणि त्याच सकाळी त्याच बोटानं तिनं त्यांना काजळ घातलं होतं. हे त्या वेळी कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

सहाव्या दिवशी बाळाच्या पापण्यांवरून काळा-पिवळा ओघळ गालावर आला. तेव्हा मात्र मी कुणालाच विचारलं नाही. टोपलं उचललं आणि जाऊन गाडीत बसले.

नांदुरा

दवाखान्यातल्या डॉक्टरबाई नागपूरकडच्या होत्या. बारीक चणीच्या, बोलायला तोडून. त्यांनी आधी डोळे धुवायला घेतले. काजळ, पू आणि पापणीखाली अडकलेले कापसाचे तंतू. ते सगळं निघेपर्यंत अर्धा तास गेला. त्या एकेक तंतू चिमट्यानं उचलत होत्या आणि बशीत ठेवत होत्या. ती बशी मला अजून दिसते.

"कधीपासून आहे?"

"तिसऱ्या दिवसापासून."

"आज कितवा?"

"सहावा."

त्यांनी कागदावर तो आकडा लिहिला. त्या ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मग बत्ती धरून त्यांनी एकेक डोळा पाहिला आणि आम्हा दोघांना समोर बसवलं. "हे डोळ्यांचं भारी दुखणं आहे. दिवस भरलेल्या बाळालाही होतं, पण हिच्यासारख्या कच्च्या बाळाच्या अंगात लढायला ताकद नसते, म्हणून तिला जास्त भोवतं. उजवा डोळा वाचेल. डाव्याच्या बुबुळावर जखम झालीय. जखम भरली तर तिथं फूल पडेल, ते किती मोठं ते पुढं पाहू. जखम फुटली तर तो डोळा गेला."

फूल म्हणजे बुबुळावर राहणारा पांढरा डाग. आमच्या गावात एक म्हातारा होता, दोन्ही डोळ्यांत फुलं पडलेला. काठी टेकत देवळापर्यंत जायचा. मला तोच दिसायला लागला.

मी विचारलं, "बाई, काजळानं झालं का हो?"

"जन्मतानाही होतं, हातांनीही होतं. कुणामुळं झालं ते शोधायला मी इथं बसलेले नाही. आजपासून त्या डोळ्यांत मी सांगेन तेच जाईल. दुसरं काही गेलं तर मला बोलावू नका."

कारकुनानं कार्डावर लिहायला बाळाचं नाव विचारलं. बारसं व्हायचं होतं, आणि नाव ठेवते आत्या. मग त्यानं लिहिलं, "शांताबाईची मुलगी."

थेंब

पहिल्या दिवशी नर्स दुर्गाबाई खुर्ची घेऊन बाळापाशी बसली. डोळा पुसायचा, थेंब टाकायचा, घड्याळ पाहायचं, पुन्हा पुसायचा. सुरुवातीला दर पाच मिनिटांनी, मग पाव तासानं, मग तासातासानं. मांडीत सुया निराळ्या. संध्याकाळी तिनं माझ्या हातात बोळा दिला आणि म्हणाली, "आता तू. मी हाये इथंच."

माझे पहिले चार थेंब बाळाच्या कानात गेले. दुर्गाबाई म्हणाली, "कान बरा होऊन राह्यला तिचा. आता डोयाकडे पाह्य जरा." हसता हसता पाचवा थेंब डोळ्यात पडला. खालची पापणी हळूच खाली ओढायची, तिथं जी बारीकशी खोबण होते तिच्यात थेंब सोडायचा. पुसताना नाकाकडून कानाकडे पुसायचं. या डोळ्याचा बोळा त्या डोळ्याला लावायचा नाही. आधी हात साबणानं कोपरापर्यंत धुवायचे. दोन दिवसांत माझ्या हातांची सालं निघाली. पण तिसऱ्या दिवसापासून दुर्गाबाई मला सांगायची बंद झाली, नुसती लांबून पाहायची. आयुष्यात मला कुणी एवढं मोठं प्रशस्तिपत्र दिलेलं नाही.

ज्यांच्यावर ही वेळ आली आहे त्यांना मी हेच सांगते. भीती रिकाम्या हातांना जास्त धरते. काम मागून घ्या. बाळाजवळ जे करायला परवानगी असेल ते शिकून घ्या आणि नीट करा.

थोडी सुखंही होती. शेजारच्या खाटेवरची बाई रोज माझी वेणी घालायची, कारण माझे हात धुतलेले असायचे आणि मी ते केसांना लावायची नाही. हे मळ्यातली भाजी बाजारात उतरवून सायकलनं यायचे, खिडकीतून बाळाला पाहायचे आणि काहीतरी अचरट बोलून जायचे. माझी आई देऊळघाटहून एस.टी.नं आली आणि माझ्याजवळच राहिली. स्टेशन जवळ होतं. कुठली गाडी गेली की कितवा थेंब, हे आईला पाठ झालं होतं.

चौथ्या दिवशी उजवा डोळा उघडला. काळाभोर, स्वच्छ. डॉक्टरबाई म्हणाल्या, "हा तुमचा." डाव्याबद्दल म्हणाल्या, जखम थांबलीय, आता भरायला हवी. मला वाटलं आपण जिंकलो.

काळा बोळा

त्यानंतर तीन-चार दिवसांनी सकाळी कौसाबाई आली. वडनेरहून गाडीनं, बाळासाठी जुन्या लुगड्याची मऊ दुपटी शिवून घेऊन. दाराशी दुर्गाबाईनं तिला काहीतरी सांगितलं, मग तिला आत घेतलं. ती बाळाला मांडीवर घेऊन बसली. मी म्हटलं, दहा मिनिटं आंघोळ करून येते. आई होतीच तिथं.

आले, हात धुतले, डाव्या डोळ्यावरून बोळा फिरवला. बोळा काळा निघाला.

मग दुसरा घेतला. तोही काळा. पापणीच्या आत बारीक रेघ होती, कुणीतरी निगुतीनं ओढलेली.

पुढं मी जे बोलले ते सगळं लिहीत नाही. भर वॉर्डात, सगळ्या बायकांसमोर मी कौसाबाईला म्हटलं, "तुम्हाला हिचे डोळे फोडायचेच आहेत का? एकदा करून पोट भरलं नाही? माझ्या लेकराला पुन्हा हात लावायचा नाही. तुमची सावलीसुद्धा नको मला इथं."

कौसाबाई गावात कुणाचं ऐकून घेणारी बाई नव्हती. सासऱ्यांनाही सुनावायची. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या आईकडे पाहिलं. बाळाला खाली ठेवलं. "बरं," एवढंच म्हणाली. दारापर्यंत गेली, वाकली आणि वॉर्डच्या उंबऱ्याबाहेर भिंतीशी ठेवलेली तिची पितळेची डबी उचलून कनवटीला लावली. मी ते पाहिलं. माझ्या डोळ्यांनी पाहिलं आणि मला कळलं काहीच नाही.

डॉक्टरबाईंनी डोळा पुन्हा धुतला. त्या रागावल्या नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली. म्हणाल्या, "भरत आलेली जखम पुन्हा चिघळलीय. परत पहिल्यापासून." पुन्हा पाच मिनिटं, पाव तास, तास. आता तर त्यांनाही खात्री देता येत नव्हती. मी थेंब टाकत होते आणि मनात कौसाबाईला शिव्या देत होते. त्या रागानं मला उभं ठेवलं, हे खरं आहे.

आईनं सांगितलं ते

पुढं आठवडाभर आई नीट जेवली नाही. मला वाटलं नातीच्या काळजीनं. मग एका सकाळी डॉक्टरबाई डावा डोळा पाहून पहिल्यांदा हसल्या आणि म्हणाल्या, "भरतेय. डोळा फुटणार नाही आता." त्या पुढच्या खाटेकडे वळल्या आणि आई जमिनीवर बसून रडायला लागली.

"शांते, म्याच लावलं व माय."

"काय लावलं?"

"काजय. तुही ननंद बाहेर पानी प्यायले गेली तवा. उघडा डोया पाह्यला अन् मले राहवलं नाही. कोनाची नजर लागीन म्हनलं. माह्याच पिशवीतल्या डबीतलं, बारीकच लावलं व, येवढुसं. तू तिले बोलाले लागली तं माही जीभच उचलली नाही. डोया गेला असता तं म्या जीव देला असता."

मला आठवली ती डबी. उंबऱ्याबाहेर ठेवलेली. दुर्गाबाईला विचारलं. ती म्हणाली, "तुह्या ननंदेले मी दारातच सांगतलं व्हतं, काजय आत चालत नाही, लावाचंच असन तं घरी गेल्यावर तयपायाले लाव. तिनं निमूट डबी बाहेर ठेवली. तू इचारलंच कुठं मले?"

कौसाबाईनं त्या दिवशी माझ्या आईकडे पाहिलं होतं ते उगाच नव्हतं. तिला कळलं होतं. तिथल्या तिथं सांगून मोकळी होऊ शकत होती. पण बाळंतिणीसमोर तिच्या आईची लाज काढायची नाही म्हणून ती माझं सगळं ऐकून निघून गेली.

आईवर मी ओरडले नाही. ओरडायचं ते मी आधीच चुकीच्या माणसावर ओरडून बसले होते. चूक सासरचीच असणार हे मी धरून चालले होते, माहेरकडे पाहायचं मला सुचलंही नाही. आजारपणात डोकं ठिकाणावर नसतं, हे सांगून मी स्वतःला सोडवू शकते. पण ते पुरतं खरं नाही. लग्न झाल्यापासून मला कौसाबाईचा धाक होता आणि मला एक निमित्त मिळालं होतं.

दारातली बाई

सव्वा महिन्यानं आम्ही घरी आलो. निघताना डॉक्टरबाई म्हणाल्या, "डोळे वाचले. डाव्यात कडेला फूल राहील. त्यातून किती दिसेल, ते तीच सांगेल. ही दोन महिने आधी आलीय, तेवढे वजा करून मोजा. दुसऱ्यांची मुलं बघायला लागली आणि ही बघत नाही म्हणून रडत बसू नका."

घरी आले त्याच दिवशी मी कौसाबाईकडे गेले, पाया पडले, म्हटलं, "माझी चूक झाली. आईनं सांगितलं मला." ती भाकरी थापत होती. "हाव," म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली. मी म्हटलं, "बारसं करू या, नाव तुम्हालाच ठेवायचंय." ती म्हणाली, "पाहू."

त्यानंतर ती रोज सकाळी यायची. पण आत यायची नाही. उंबऱ्याबाहेर उभी राहायची, बोलायची नाही, बाळाला हात लावायची नाही. मी "या ना" म्हटलं की मान हलवायची. थोडा वेळ इकडून तिकडे करायची आणि निघून जायची. अंगावर रोज एकच लाल लुगडं, ते सणासुदीचं. मी यांना म्हटलं, "पाया पडले तरी राग जाईना. लाल लुगडं नेसून मला शिक्षा करायला येतात." हे म्हणाले, "तिचं काही सांगता येत नाही. पण ती लुगडं उगाच झिजवणारी बाई नाही."

बाळाला सगळे "शांताची पोरगी"च म्हणत होते. नावाशिवाय तिसरा महिना गेला, चौथा लागला. हिवाळा सरला. मी तिच्यासमोर खुळखुळा हलवायचे, बांगड्या वाजवायचे. एकदा तिनं बांगड्यांकडे मान वळवली आणि मी आनंदानं ओरडलेच, "दिसतं! हिला दिसतं!" शेजारपाजारच्या जमल्या. सासऱ्यांनी गूळ वाटायला काढला.

दारातून कौसाबाईचा आवाज आला, "आवाजानं वयते ते. डोयानं नाही."

गूळ तसाच राहिला. मी त्या दिवशी पहिल्यांदा खचले. तिचं खरं होतं म्हणून खचले. बांगड्या काढून ठेवून मी नुसता हात फिरवून पाहिला, तर बाळ आढ्याकडेच पाहत होतं. मला वाटलं, ही बाई माझा आनंद मोडायलाच रोज येते. दोन दिवस मी तिला "या"सुद्धा म्हटलं नाही. तरी ती येतच राहिली.

होळी होऊन गेली होती. सकाळची वेळ. बाळाला आत दारासमोर दुपट्यावर निजवलं होतं, मी बाजूला मिरच्यांचे देठ काढत होते. कौसाबाई आली. त्या दिवशी माझी नजर तिच्या हातांवर गेली. बांगड्या तिनं कोपरापर्यंत वर सरकवून घट्ट बसवल्या होत्या. पायांतली जोडवीसुद्धा नव्हती. ती अगदी सावकाश दाराच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जात होती. मी बोलायला तोंड उघडलं तर तिनं हात वर करून मला गप्प केलं.

तेव्हा मला कळलं. ही रोज येऊन काय करते, लाल लुगडं कशाला, बोलत का नाही. पुढं दुर्गाबाईकडून ऐकलं, कौसाबाई एकटी नांदुऱ्याला जाऊन डॉक्टरबाईंना विचारून आली होती, लेकराला दिसतं हे ओळखायचं कसं. त्यांनी सांगितलं होतं, ठळक रंग दाखवा आणि आवाज करू नका, नाहीतर स्वतःलाच फसवाल.

मी बाळाकडे पाहिलं. तिची नजर त्या लाल लुगड्यावर होती. कौसाबाई डावीकडे गेली, डोळे डावीकडे गेले. उजवीकडे आली, डोळे उजवीकडे आले.

"शांते," कौसाबाई अगदी बारीक आवाजात म्हणाली, "उजवा झाक."

मी मिरचीचे हात लुगड्याला पुसले, मग भान आलं, या हातांनी डोळ्याला शिवायचं नाही. पदराचं टोक घेऊन त्यानं तिचा उजवा डोळा झाकला. आता फक्त डावा, कडेला तांदळाच्या कणीएवढं फूल असलेला. कौसाबाई निघाली. तो डोळा जरा वेळ तसाच थांबला, आणि मग तिच्या मागे हळूहळू, अडखळत, दाराच्या टोकापर्यंत गेला.

कौसाबाई उंबऱ्यावर मटकन बसली. "पाह्यते व. मले पाह्यते माय ते!" तिच्या गालांवरून धारा लागल्या होत्या.

"आत या ना आता," मी म्हटलं. मीही रडतच होते.

"येतो. मी ठरवलंच व्हतं, तिनं मले पाह्यल्याबिगर तिले हात लावाचा नाही. पह्यलं काजय तं माह्याच बोटाचं व्हतं ना, शांते."

ती आधी न्हाणीत गेली. साबण मागून घेतला, कोपरापर्यंत हात धुतले, दुर्गाबाई धुवायला लावायची तसे. मग आली, बाळाला मांडीवर घेतलं. कनवटीची डबी काढली आणि माझ्याकडे पाहत एक ठिपका तळपायाला लावला. डबीचं झाकण लावून ती तिनं उंबऱ्याच्या पलीकडे ठेवून दिली. मग वाकून बाळाच्या कानात नाव सांगितलं आणि मोठ्यानं म्हणाली, "विमल."

विमल आता चौथीत आहे. फळा वाचताना मान जराशी वळवते, एवढंच. हे लिहिताना माझ्या खांद्यावरून वाचते आहे आणि म्हणते, मी आत्याकडे पाहिलं होतं हे मला आठवतं. आठवणं शक्य नाही, पण मी तिला तसं म्हणत नाही.

त्या सकाळी नाव ठेवून झाल्यावर कौसाबाईनं दोन्ही हात उंच केले आणि जोरानं झटकले. कोपराशी अडकवलेल्या सगळ्या बांगड्या खळखळून मनगटावर आल्या. विमल दचकली आणि तिच्याकडे वळली.

"आता वाजू दे," कौसाबाई म्हणाली.